नजर कागदावर, बोटं कीबोर्डवर

बार्शीत तहसील कचेरीजवळच्या एका बोळात माझं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन, आणि जून महिन्यात दारापासून रस्त्यापर्यंत रांग. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, शिष्यवृत्ती, सगळं एकदम येतं. त्या दिवसांत चहा गार होतो तो होतोच.

काही वर्षांपूर्वी एका भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. रात्री बाराला मुदत संपणार. साडेदहा वाजता माऊसचा लाल दिवा विझला. केबल हलवून झाली, दुसऱ्या पोर्टमध्ये घालून झाली, उपडा करून थापटून झाला. गावातली दुकानं केव्हाच बंद झालेली. समोर चार पोरं बसलेली, त्यातला एक वैरागहून मोटरसायकलवर आलेला. मला टायपिंग येत होतं, टॅब दाबलं की पुढच्या रकान्यात जाता येतं एवढं ठाऊक होतं. बाकीचं त्या रात्री अंदाजानं, चुकतमाकत शिकले. चौथा फॉर्म बाराला वीस मिनिटं कमी असताना गेला. सकाळी नवा माऊस आणला, पण हाताला लागलेली सवय गेली नाही. आज दुकानात कामाला येणाऱ्या पोराला मी आधी कीबोर्ड शिकवते, मग माऊस देते. त्याला जे सांगते तेच इथं लिहिते आहे. सगळं विंडोजवरच्या क्रोम ब्राउझरला धरून आहे. एज आणि फायरफॉक्समध्ये बहुतेक तसंच चालतं, जिथं वेगळं आहे तिथं सांगेन. मॅक असेल तर बऱ्याच ठिकाणी कंट्रोलच्या जागी कमांड दाबायचं.

एक गोष्ट आधीच सांगते. हे वेगासाठी आहे असं सगळे म्हणतात, पण माझ्या कामात वेग दुसरा. टायपिंग क्लासमध्ये आमचे सर हातांवर रुमाल टाकायचे आणि म्हणायचे, "नजर कागदावर." मराठी ३०, मराठी ४०, इंग्रजी ४०, तिन्ही परीक्षा मी त्या रुमालाखाली दिल्या. माऊस हातात घेतला की नजर पडद्यावरच्या बाणामागं पळते, आणि समोरच्या आधार कार्डावर आडनाव कसं लिहिलंय ते बघायचं राहून जातं. दाखल्यात एक अक्षर चुकलं की गिऱ्हाइकाला चार हेलपाटे पडतात. म्हणून बोटं कीबोर्डवर आणि डोळे कागदावर.

आणि ही बटणं काही परक्या मुलखातून आलेली नाहीत. आमच्या टाइपरायटरवर शिफ्ट दाबलं की आतला जड सांगाडा खरंच सरकायचा, करंगळी दुखून यायची. १८७८ च्या रेमिंग्टन मशीनपासून ते बटण आहे, नावही तिथलंच. टॅब म्हणजे टॅब्युलेटर. परीक्षेत स्टेटमेंटचा तक्ता आखायचा तेव्हा खिळे लावून ठेवायचे आणि एका ठोक्यात पुढच्या खान्यात जायचं. ब्राउझरमध्ये टॅब दाबून पुढच्या रकान्यात जाणं ही तीच हालचाल.

फॉर्मच्या आत

आधी हेच शिका, कारण इथं दिवसाचा बहुतेक वेळ जातो. टॅब दाबलं की पुढचा रकाना, शिफ्ट + टॅब दाबलं की मागचा. भरलेल्या रकान्यात टॅबनं शिरलात की आतला मजकूर आपोआप निवडलेला असतो, म्हणजे खोडायची गरज नाही, सरळ नवं टाइप करा. हीच सोय बेसावध माणसाला नडते. रकान्यात शिरून चुकून एक अक्षर दाबलं की पूर्ण पत्ता गेला. गेला तर घाबरू नका, कंट्रोल + झेड दाबा, परत येतो.

'मी सहमत आहे' असा चौकोन आला की स्पेस दाबा, खूण होते. परत दाबा, निघते. पुरुष, स्त्री, इतर असे गोल असतील तर टॅब त्या गटात एकदाच थांबतो. गटाच्या आत बाणांनी फिरायचं. नव्या माणसाचं हमखास इथं अडतं. तो टॅब, टॅब करत राहतो आणि गोल ओलांडून पुढं निघून जातो, मग म्हणतो "हे चालत नाही."

जिल्ह्याची यादी खाली उघडते तशा रकान्यात ऑल्ट + खालचा बाण दाबला की यादी उघडते. पण उघडायचीही गरज नसते. यादी इंग्रजीत असेल तर नुसतं एस-ओ-एल भराभर टाइप करा, सोलापूर समोर येतं. सातारा, सांगली, सिंधुदुर्ग सगळे एस वरचेच, म्हणून एकच अक्षर दाबून थांबू नका. यादी मराठीत असेल तर कीबोर्ड मराठी करून 'सो' टाइप करावं लागतं. भाषा बदलायला विंडोज + स्पेस. आमच्याकडं अर्धी भांडणं याच एका बटणावरून होतात. यादी इंग्रजी आणि कीबोर्ड मराठी, किंवा उलट, मग पोरगं ओरडतं की साइट बंद पडली. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात कुठली भाषा चालू आहे ते लिहिलेलं असतं. आधी तिथं बघा, मग साइटला शिव्या द्या.

सगळ्या यादीवाल्या रकान्यांत हे चालेलच असं नाही. काही साइटवाल्यांनी यादी स्वतःच्या पद्धतीनं बनवलेली असते, तिथं बाण आणि एंटरवर भागवावं लागतं. तेही चाललं नाही तर माऊस घ्या, त्यात कमीपणा नाही.

एंटरचं मात्र जपून. वहीत ओळ संपली की पुढच्या ओळीवर जायची आपली सवय, म्हणून लोक नाव लिहून झालं की एंटर मारतात. फॉर्ममध्ये एका ओळीच्या रकान्यात एंटर मारणं म्हणजे बऱ्याचदा 'पाठवा' म्हणणं. अर्धवट फॉर्म जातो किंवा लाल अक्षरांत वीस चुका दिसतात. फॉर्म भरताना एंटर नाही, टॅब. हे मी पहिल्या दिवशी तीनदा सांगते.

रकान्याच्या आत फिरायला होम म्हणजे ओळीची सुरुवात, एंड म्हणजे शेवट. कंट्रोल धरून डावा-उजवा बाण दाबला की एकेक अक्षर न सरकता एकेक शब्द सरकतो. कंट्रोल + बॅकस्पेस पूर्ण शब्द खोडतं. रकान्यात असताना कंट्रोल + ए तेवढाच रकाना निवडतं. 'मु. पो. ता. जि.' असा लांब पत्ता दुरुस्त करताना यांच्यासारखं सुख नाही. वार्षिक उत्पन्नाच्या आकड्याच्या काही रकान्यांत वरचा-खालचा बाण दाबला तर आकडाच एकानं वाढतो किंवा घटतो. ४८,००० चे ४७,९९९ झालेले मी पाहिले आहेत, आणि तलाठ्याच्या दाखल्याशी ते जुळले नाहीत म्हणून अर्ज परत आलेला पाहिला आहे.

कॉपी-पेस्ट सगळ्यांना येतं, कंट्रोल + सी आणि कंट्रोल + व्ही. शेजारच्या दुकानावर 'झेरॉक्स' अशी पाटी आहे. ज्या झेरॉक्स कंपनीमुळं आपण तो शब्द वापरतो तिच्याच पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सोबत्यांनी कट-कॉपी-पेस्ट घडवलं. टेस्लर २०२० मध्ये वारले, त्या दिवशी मी पोराला म्हटलं, आज दुकान अर्धा तास बंद ठेवायला पाहिजे. ठेवलं नाही, रांग होती.

पण फार थोड्या लोकांना विंडोज + व्ही माहीत असतं. पहिल्यांदा दाबलं की 'चालू करू का' असं विचारतं, हो म्हणा. त्यानंतर तुम्ही जे जे कॉपी कराल त्यातलं शेवटचं २५ पर्यंत तिथं साठतं. म्हणजे मुलाच्या जुन्या अर्जातून नाव, वडिलांचं नाव, पत्ता, बँक खात्याचा क्रमांक एकामागून एक कॉपी करून घ्यायचं, मग नव्या फॉर्ममध्ये येऊन विंडोज + व्ही दाबायचं, बाणानं निवडायचं, एंटर. दोन खिडक्यांमध्ये वीस वेळा ये-जा करायची गरज उरत नाही. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ च्या शेवटी आली. तिचा धोका खाली सांगते, तो विसरू नका.

टॅब, आणि एका डब्ल्यूची गोष्ट

इथं टॅब म्हणजे ते बटण नव्हे, ब्राउझरमध्ये एकाशेजारी एक उघडलेली पानं. नवा टॅब कंट्रोल + टी. चालू टॅब बंद कंट्रोल + डब्ल्यू. पुढच्या टॅबवर कंट्रोल + टॅब, मागच्यावर कंट्रोल + शिफ्ट + टॅब. ऑल्ट + टॅब वेगळं, ते एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेतं. कंट्रोल + १ दाबलं की पहिला टॅब, २ दाबलं की दुसरा, असं ८ पर्यंत. ९ मात्र नववा नव्हे, शेवटचा, मग टॅब बारा असोत की तीस.

माझ्याकडं टॅबांची जागा ठरलेली असते, स्वयंपाकघरात मिठाचा डबा ठरल्या जागी असतो तशी. पहिल्यावर फॉर्म, दुसऱ्यावर गिऱ्हाइकाची मेल, तिसऱ्यावर फोटोचं वजन कमी करायची साइट. फोटो २० ते ५० केबीच्या मधे पाहिजे म्हणतात, आणि पोरं पाच एमबीची सेल्फी घेऊन येतात. जागा ठरलेली असली की कंट्रोल + ३, काम, कंट्रोल + १, परत. टॅबवर काय लिहिलंय ते वाचावंही लागत नाही. एखादी लिंक नव्या टॅबमध्ये हवी असेल तर कंट्रोल धरून लिंकवर क्लिक करा. माऊस नसेल तर टॅब दाबत लिंकवर या आणि कंट्रोल + एंटर मारा. चालू पान जागेवर राहतं.

आता डब्ल्यू. टायपिंगचा नियम असा की डाव्या हातानं अक्षर दाबायचं असेल तर शिफ्ट उजव्या हातानं धरायचं. डब्ल्यू डाव्या हाताकडं येतो, म्हणून उजवं शिफ्ट. माझ्या दुकानात तेव्हा जो पोरगा होता तो सगळं डाव्या हातानंच उरकायचा. एका मुलीचं आडनाव इंग्रजीत डब्ल्यूनं सुरू होणारं. त्यानं शिफ्ट समजून त्याच्या खालचं कंट्रोल दाबलं आणि वर डब्ल्यू. चाळीस मिनिटं भरलेला फॉर्म डोळ्यांसमोरून गेला. काही साइट टॅब बंद करताना 'खरंच जायचं का' असं विचारतात, ही विचारत नव्हती. मुलगी काही बोलली नाही, तिची आई बोलली. बरोबरच बोलली.

अशा वेळी कंट्रोल + शिफ्ट + टी. बंद केलेला टॅब परत उघडतो. पुन्हा दाबला की त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा. पूर्ण क्रोम बंद करून परत उघडलात तरी चालतं. या एका बटणासाठी हा लेख वाचलात तरी पैसे वसूल. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पान परत येतं, तुम्ही लिहिलेलं परत येईलच असं नाही. आणि क्रोमच्या इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे बंद केल्यावर काय उघडलं होतं ते लक्षात न ठेवणाऱ्या खिडकीत, हे चालतच नाही. आम्ही तेव्हा इनकॉग्निटोमध्येच होतो. तेव्हापासून मोठा फॉर्म असेल तर 'सेव्ह ड्राफ्ट' प्रत्येक पानाला दाबायचं, आणि शिफ्ट दोन्ही हातांचं वापरायचं.

मागं जाणं, थांबणं, पुन्हा आणणं

ऑल्ट + डावा बाण म्हणजे मागचं पान, ऑल्ट + उजवा म्हणजे पुढचं. पूर्वी नुसतं बॅकस्पेस दाबलं तरी मागचं पान यायचं. रकान्यात आहोत असं समजून माणूस अक्षर खोडायला जायचा आणि पानच मागं जायचं, भरलेलं सगळं पाण्यात. लोकांचं इतकं नुकसान झालं की क्रोमनं २०१६ साली ५२ व्या आवृत्तीत ती सोय काढून टाकली. फायरफॉक्सनं २०२१ मध्ये ८७ व्या आवृत्तीत काढली. मला वाटतं ब्राउझरमधल्या सगळ्या सुधारणांत ही सर्वांत माणुसकीची. तरी सरकारी फॉर्म आणि पैसे भरायचं पान यांवर ऑल्ट + डावा बाण वापरू नका. तिथं मागं जायचं असेल तर पानावरचंच 'मागे' बटण शोधा.

पान नव्यानं आणायला एफ५ किंवा कंट्रोल + आर. पण पान जुनंच दिसतंय, निकाल लागला म्हणतात आणि इथं कालचीच सूचना आहे, असं असेल तर कंट्रोल + शिफ्ट + आर. साधं एफ५ ब्राउझरनं साठवून ठेवलेल्या जुन्या तुकड्यांवर भागवू शकतं, हे सगळं सर्व्हरवरून ताजं मागवतं. निकालाच्या दिवशी मात्र बोट आवरा, दर दोन सेकंदाला एफ५ मारून निकाल लवकर लागत नाही. पान अर्धवट येऊन फिरत बसलं तर एस्केप दाबा, थांबतं, आणि आलेलं तेवढं वाचता येतं. पैसे भरताना एफ५ नाही, काही झालं तरी नाही.

शोधणं

कंट्रोल + एफ. दीडशे पानांच्या निवड यादीत पोराचं नाव आहे का बघायला लोक चाक फिरवत बसतात. कंट्रोल + एफ, बैठक क्रमांक, एंटर, संपलं. पुढचं सापडायला एंटर, मागचं सापडायला शिफ्ट + एंटर. शोधपेटी बंद करायला एस्केप.

मराठीत शोधताना थोडी अक्कल लागते. पंढरपूर कुणी पंढरपुर लिहितं, शिवणी कुणी शिवनी, आडनावात 'वि' का 'वी' याचा तर नेमच नाही. पूर्ण शब्द टाकू नका, ज्यात ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही असा तुकडा टाका. 'पंढर' पुरेसं होतं. नाव शोधण्यापेक्षा आकडा शोधणं कधीही बरं, अर्ज क्रमांक, बैठक क्रमांक, शासन निर्णयाचा संकेतांक.

आणि खूपदा असं होतं की पीडीएफमध्ये शब्द डोळ्यांना दिसतोय, पण कंट्रोल + एफ म्हणतं शून्य सापडले. याची दोन कारणं. एक, ते पान स्कॅन केलेलं असतं, म्हणजे फोटो. त्यात अक्षरं नसतातच. दुसरं आपल्या मराठीचं खास दुखणं. जुनी कागदपत्रं श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. तिथं 'क' दिसतो, पण आत साठलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, फक्त फॉन्ट त्याला 'क' चं रूप देतो. तुम्ही युनिकोडमधला, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये 'क' च राहणारा 'क' शोधता, कॉम्प्युटरला तो कुठं दिसणार? ओळखायची युक्ती सोपी. एक ओळ निवडा, कंट्रोल + सी, नोटपॅडमध्ये कंट्रोल + व्ही. ओळ मराठीत उमटली तर शोधता येईल. काहीतरी गचाळ इंग्रजी उमटलं तर जुना फॉन्ट आहे. आणि निवडताच आलं नाही तर बहुतेक फोटो. आता लोक युनिकोडमध्ये टाइप करतात म्हणून हा त्रास कमी झालाय. पण जुना निर्णय हवा असेल तेव्हा डोळ्यांनीच शोधावा लागतो, तिथं स्पेस दाबा, एकेक पडदा खाली सरकतो. शिफ्ट + स्पेसनं वर.

फायरफॉक्सवाल्यांसाठी एक गंमत. एकेरी अवतरण चिन्ह दाबून टाइप केलं की फक्त लिंकांमध्येच शोध होतो. 'अप्लाय' लिंकवर अशी पटकन उडी मारता येते, मग एंटर.

पत्त्याची पट्टी

कंट्रोल + एल किंवा ऑल्ट + डी. पट्टीत शिरता आणि जुना पत्ता निवडलेला असतो. टाइप करा, एंटर. ऑल्ट + एंटर मारलात तर तेच नव्या टॅबमध्ये उघडतं. कंट्रोल + एंटर मारलं तर ब्राउझर स्वतःहून पुढं डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू आणि मागं डॉट कॉम लावतो. लोकांना हे फार आवडतं, मी मात्र पोराला मनाई केली आहे. आपल्या बहुतेक सरकारी साइटांचे पत्ते डॉट जीओव्ही डॉट इन वर संपतात. त्याच नावाची डॉट कॉमवाली साइट भलत्याच माणसाची असू शकते, दिसायला अगदी तशीच, आणि तिथं फी मागणारी. पत्ता पूर्ण टाइप करा, किंवा एकदा खात्री करून कंट्रोल + डी दाबा, बुकमार्क होतं. पुढच्या वेळेस तिथूनच.

गिऱ्हाईक उठलं की

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांनी, सायबर कॅफेत बसणाऱ्यांनी हे नीट वाचावं. मी प्रत्येकाचं काम इनकॉग्निटोमध्ये करते, कंट्रोल + शिफ्ट + एन. फायरफॉक्समध्ये तेच कंट्रोल + शिफ्ट + पी. एक चूक मीही बरेच दिवस केली. मला वाटायचं, नवी इनकॉग्निटो खिडकी म्हणजे नवी कोरी पाटी. तसं नाही. दोन इनकॉग्निटो खिडक्या उघड्या असतील तर दोघींचं लॉगिन सामाईक असतं. पहिल्या माणसाचं लॉगिन संपायला सगळ्या इनकॉग्निटो खिडक्या बंद कराव्या लागतात. आणि डाउनलोड केलेलं आधार कार्ड इनकॉग्निटो पुसत नाही, ते फोल्डरमध्ये तसंच राहतं. कंट्रोल + जे दाबून यादी बघा, फाइल स्वतः काढा.

साध्या खिडकीत काम केलं असेल तर कंट्रोल + शिफ्ट + डिलीट, पुसण्याची पेटी उघडते. एकाच नावापुरतं पुसायचं असेल तर, रकान्यात मागच्या गिऱ्हाइकाचा मोबाईल क्रमांक सुचवला जातो ना, त्यावर बाणानं या आणि शिफ्ट + डिलीट दाबा. पत्त्याच्या पट्टीतल्या सूचनांनाही चालतं.

आणि आता तो धोका. विंडोज + व्ही मध्ये साठलेलं इनकॉग्निटो बंद केलं तरी जात नाही, कारण ते ब्राउझरचं नाहीच, विंडोजचं आहे. एकाचा बँक खाते क्रमांक दुसऱ्यासमोर उघडा पडतो. विंडोज + व्ही, 'क्लिअर ऑल', मग पुढचं गिऱ्हाईक. मशीन बंद करून चालू केलं की जातं, पिन केलेलं सोडून. दिवसभर मशीन बंद कोण करतं?

छोटी-मोठी कामं

फॉर्म पाठवण्याआधी मी कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह तीन-चारदा दाबते, अक्षरं मोठी होतात, पडदा गिऱ्हाइकाकडं वळवते आणि म्हणते, "आबा, वाचा बरं, बरोबर आहे का." चष्मा घरी विसरलेला असला तरी दिसतं. मग कंट्रोल + ०, पूर्ववत. या एका सवयीनं माझ्या चुका निम्म्यावर आल्या असतील.

पावती आली की कंट्रोल + पी, आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' निवडा. कंट्रोल + एस नको, ते वेबपान साठवतं, नंतर धड उघडत नाही. पैसे कापले गेले आणि पान अडकलं तर आधी विंडोज + शिफ्ट + एस, तेवढा भाग चौकटीत घेऊन फोटो काढा, मग बाकीचं बघा. तक्रार करताना व्यवहार क्रमांकाचा तोच पुरावा.

लॅपटॉपवर एफ५ दाबलं आणि पडद्याचा उजेड कमी-जास्त झाला तर एफएन धरून एफ५ दाबा. होम-एंडही कित्येक लॅपटॉपवर एफएन आणि बाणात लपलेले असतात.

यूट्यूबचं पोरांना सांगायला लागत नाही, पण माझ्यासारख्यांना: के म्हणजे थांब-चाल, जे दहा सेकंद मागं, एल दहा सेकंद पुढं, एम आवाज बंद. कुणीतरी फॉर्म कसा भरायचा ते भरभर सांगत असतं तेव्हा जे फार कामाला येतं.

शिकायचं कसं

सगळं एका दिवशी नको. सरांचा रुमाल मी माऊसवर टाकते. दुपारी गर्दी नसते तेव्हा अर्धा तास. पहिल्या आठवड्यात फक्त टॅब, शिफ्ट + टॅब, स्पेस. दुसऱ्यात कंट्रोल + एल, कंट्रोल + एफ, कंट्रोल + शिफ्ट + टी. मग बाकीचं. मॉनिटरच्या कडेला पुठ्ठा चिकटवलाय, त्यावर बटणं स्वतःच्या अक्षरात लिहायची, छापील चिकटवायची नाहीत. लाल शाईत एकच ओळ आहे, कंट्रोल + डब्ल्यू.

माऊस फेकून देऊ नका. फोटो आणि सही कापायला, नकाशावर गट क्रमांक शोधायला तोच लागतो. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माऊस पहिल्यांदा लोकांना दाखवला, तेव्हाही त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच बटणांची पट्टी. दोन्ही हातांना काम. काही साइट इतक्या वाईट बनवलेल्या असतात की टॅब दाबल्यावर आपण कुठं आहोत ते दिसतच नाही, किंवा 'पाठवा' बटणापर्यंत टॅब पोहोचतच नाही. मी वैतागते आणि माऊस घेते. ज्याला माऊस घेता येत नाही त्याचं काय, हा विचार मला सुचला नव्हता, एक मुलगा दुकानात येईपर्यंत.

त्याला दिसत नव्हतं. पेन ड्राइव्हवर एनव्हीडीए नावाचा फुकट मिळणारा, पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम घेऊन आला होता. म्हणाला, "मावशी, हेडफोन लावायला जागा द्या फक्त." त्यानं तो प्रोग्रॅम चालू केला आणि एच दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर, एफ दाबत एका रकान्यावरून दुसऱ्या रकान्यावर असा निघाला. कानात इतक्या वेगानं बोललं जात होतं की मला एक शब्द लागेना. मी जे टॅब, टॅब, टॅब करत गाठते ते तो एका बटणात गाठत होता. पूर्ण फॉर्म त्यानं एकट्यानं भरला. शेवटी कॅप्चाचं चित्र आलं, वेडीवाकडी अक्षरं, आणि ऐकवायची सोय साइटवाल्यांनी ठेवलेली नव्हती. तेव्हा हेडफोन एका कानावरून सरकवून त्यानं विचारलं, "मावशी, काय लिहिलंय?" मी वाचलं, मोठा के, लहान एच, सात, आणि पुढचा शून्य आहे का ओ ते मलाही कळेना. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा गेलं.